व्हीटी२२० वर थर्टीटू-सेव्हंटी: उलटं प्रश्नचिन्ह, हरवलेलं पीएफ५ आणि बाकीच्या भानगडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेक कंपनीचा व्हीटी२२० टर्मिनल (फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड) जुन्या बाजारात मिळाला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हर्क्युलिस, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमचं (मोठ्या संगणकाचं) सोंग घेणारा प्रोग्रॅम, टाकून त्यात एमव्हीएस ३.८ ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली. लॅपटॉपवरून एक्स३२७० ने, म्हणजे आयबीएमच्या ३२७० (थर्टीटू-सेव्हंटी) टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, सगळं नीट दिसतं. पण पायला यूएसबी-सिरियलने व्हीटी२२० जोडून त्यावर सी३२७०, म्हणजे त्याचीच साध्या टर्मिनलवर चालणारी आवृत्ती, चालवली की मध्येच उलटी प्रश्नचिन्हं येऊन स्क्रीन विस्कटते, एफ१ ते एफ५ चालत नाहीत, आणि कधीकधी सगळं गोठतं, मग काय दाबावं ते कळत नाही. व्हीटी२२० ला आयबीएमचा टर्मिनल बनवता येईल का, की नाद सोडावा?

नाद सोडू नका. येतं, आणि छान येतं. मी नोकरीची पहिली काही वर्षं नेमकं हेच करत होतो, फक्त मधे पाय नव्हता, फ्रिजएवढा खोका होता.

उलट्या प्रश्नचिन्हापासून सुरुवात करतो, कारण बाकी काही न वाचता तेवढंच केलंत तरी अर्धा त्रास जाईल. आलेलं अक्षर खराब निघालं किंवा घ्यायला जागाच उरली नाही, की व्हीटी२२० त्या ठिकाणी उलटं प्रश्नचिन्ह काढतो. तुमच्याकडे दुसरं कारण आहे. या टर्मिनलचा आत येणाऱ्या अक्षरांचा बफर लहान आहे. तो ठरावीक मर्यादेपर्यंत भरला की टर्मिनल समोरच्याला कंट्रोल-एस पाठवतो, म्हणजे एक्सऑफ, म्हणजे "थांब जरा". रिकामा झाला की कंट्रोल-क्यू, म्हणजे एक्सऑन, "आता चालू दे". थांबवण्यासाठी वेगळी तार वगैरे व्हीटी२२० मध्ये नाही, जे काही आहे ते या दोन अक्षरांवर. लिनक्सचा टीटीवाय ड्रायव्हर, म्हणजे टर्मिनलची लाइन सांभाळणारा भाग, हा निरोप एरवी इमानाने पाळतो. पण सी३२७० सुरू होताना टीटीवायला रॉ मोडमध्ये टाकतो, आणि रॉ मोडमध्ये ड्रायव्हर कंट्रोल-एस स्वतः न पाळता तसाच प्रोग्रॅमच्या हातात देतो. प्रोग्रॅमला वाटतं तुम्ही काहीतरी टाइप केलं. टर्मिनल थांब म्हणतोय आणि समोरचा ओततोच आहे.

यावर सी३२७० मध्येच सोय आहे: सुरू करताना हायफन लावून सीब्रेक हा पर्याय द्या. मग टीटीवाय सीब्रेक मोडमध्ये राहतो आणि एक्सऑफ-एक्सऑन ड्रायव्हर सांभाळतो. टर्मिनलच्या सेट-अपमध्ये, म्हणजे एफ३ दाबून, कम्युनिकेशनच्या पानावर एक्सऑफ ६४ वर ठेवा. 'नो एक्सऑफ' असेल तर वरचं सगळं व्यर्थ. याची किंमत एकच: कंट्रोल-एस, कंट्रोल-क्यू, कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड आता ड्रायव्हर गिळतो. ती सी३२७० पर्यंत पोचवायची तर आधी कंट्रोल-व्ही दाबावं लागतं. आणि सी३२७० च्या मूळ मांडणीत कंट्रोल-सी म्हणजे क्लिअर, स्क्रीन पुसणारं बटण. टीएसओमध्ये, म्हणजे एमव्हीएसवर टर्मिनलवरून काम करायच्या सोयीत, क्लिअर सारखं लागतं. तेव्हा ते दुसऱ्या बटणावर हलवा. कुठल्या, ते पुढे सांगतो.

आता जरा मागे जाऊन हे दोन टर्मिनल मुळात किती वेगळ्या जातीचे आहेत ते बघू, म्हणजे पुढच्या गोष्टी घोकाव्या लागणार नाहीत.

व्हीटी२२० १९८३ चा. त्याच्या घराण्याचा मूळपुरुष टेलिटाइप. बटण दाबलं की अक्षर तारेवरून जातं, समोरून परत येतं आणि तेव्हा स्क्रीनवर उमटतं. आयबीएमची ३२७० मालिका १९७१ ची, आणि ती मुळात फॉर्म भरण्याचं यंत्र आहे. मेनफ्रेम एक कोरा फॉर्म पाठवतो, तुम्ही तो जागच्या जागी भरता, आणि एंटर दाबेपर्यंत मेनफ्रेमला त्याचा पत्ताही नसतो. बँकेत स्लिप भरून खिडकीत सरकवतो ना, तसं. म्हणून एकेका मेनफ्रेमवर शेकडो लोक बसू शकत. प्रत्येकाच्या प्रत्येक अक्षरासाठी त्याला उठावं लागत नसे.

जवळून बघायचं तर हे घ्या. ३२७८ वर, म्हणजे ३२७० मालिकेतल्या एका टर्मिनलवर, तुम्ही 'लॉगऑन' ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप केलीत आणि एंटर दाबलं. तारेवरून जातं ते असं (बाइट सोळाच्या पायाने लिहिलेले): ७डी, म्हणजे "एंटर दाबलं". मग दोन बाइटमध्ये कर्सरचा पत्ता. मग ११, म्हणजे "पुढे पत्ता येतोय", आणि दोन बाइटमध्ये त्या रकान्याचा पत्ता. मग डी३ डी६ सी७ डी६ डी५, म्हणजे ती पाच अक्षरं, एब्सिडिकमध्ये, आयबीएमच्या स्वतःच्या अक्षर-संकेतात. एकूण ११ बाइट, एका दमात. पत्त्याचीही गंमत आहे. २४ ओळी गुणिले ८० म्हणजे १९२० जागा, शून्यापासून मोजायच्या. दुसऱ्या ओळीची पहिली जागा म्हणजे ८०. त्याचे सहा-सहा बिटांचे दोन तुकडे करायचे, १ आणि १६, आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या तक्त्यातून छापता येण्याजोग्या अक्षरात बदलायचा: सी१ ५०. कधी ट्रेस लावून बघा, ११ सी१ ५० पुन्हापुन्हा दिसेल. मला एके काळी निम्मा तक्ता तोंडपाठ होता, पाढ्यांसारखा.

मेनफ्रेमकडून येणाऱ्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याच्या आधी एक अ‍ॅट्रिब्यूट बाइट असतो. ६० म्हणजे इथे लिहायला बंदी, ४० म्हणजे लिहा, ४सी म्हणजे लिहा पण दिसणार नाही, अर्थात पासवर्ड. हा बाइट स्क्रीनवर एक जागा खातो आणि ती जागा कोरी दिसते. तुमच्या व्हीटी२२० ला यातलं काहीही माहीत नाही. त्याच्याकडे रकाना नाही, बंदी नाही, फॉर्म नाही. ते सगळं सी३२७० च्या पोटात आहे. तिथे १९२० जागांचा खरा ३२७८ बसलेला आहे, आणि तो बदललेली अक्षरं तेवढी व्हीटीला समजणाऱ्या एस्केप सीक्वेन्समध्ये लिहून पाठवतो. व्हीटी२२० फक्त डोळे आणि बोटं. डोळ्यांचं काम सोपं असतं. जे काय रामायण होतं ते बोटांचं.

हा पोटातला ३२७८ पूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी राहत असे. येल विद्यापीठाने आयबीएमच्याच सीरीज/१ या छोट्या संगणकावर तो बसवला. आयबीएमने ७१७१ नावाचा तयार कन्व्हर्टर विकला: एका बाजूला मेनफ्रेम, दुसऱ्या बाजूला कुठल्याही कंपनीचे साधे अ‍ॅस्की टर्मिनल. डेकनेही आपल्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी स्वतःचा ३२७० इम्युलेटर काढला. मग बर्कलीत ग्रेग मिन्शॉलने टीएन३२७० लिहिला, तेव्हापासून हे काम टेलनेटवरून होऊ लागलं. १९८८ च्या आरएफसी (इंटरनेटचे नियम नोंदवणारे दस्तऐवज) १०४१ आणि १९९४ च्या १५७६ मध्ये ते कागदावर आलं. सी३२७० त्याच वंशातला, आणि हर्क्युलिसही तुमच्याशी हीच भाषा बोलतो. भारतातून आयबीएम १९७८ मध्ये निघून गेली होती, त्यामुळे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी खरा ३२७८ पाहण्याआधी त्याची मॅन्युअलं वाचली आणि त्याचं सोंग घेतलेले दुसरेच टर्मिनल वापरले.

आता बोटं.

३२७० ला २४ पीएफ बटणं आणि ३ पीए बटणं (दोन्ही मेनफ्रेमला ठरावीक खूण पाठवणारी), शिवाय क्लिअर, रीसेट, इरेज-ईओएफ (कर्सरपासून रकान्याच्या शेवटपर्यंत पुसणारं) वगैरे लागतात. व्हीटी२२० च्या कीबोर्डवर वरच्या ओळीत एफ१ ते एफ२० छापलेलं आहे म्हणून हुरळून जाऊ नका. पहिली पाच टर्मिनल स्वतःसाठी ठेवतो: एफ१ होल्ड स्क्रीन, एफ२ प्रिंट, एफ३ सेट-अप, एफ४ डेटा-टॉक, एफ५ ब्रेक. ही दाबल्यावर पलीकडे एफ-बटणाचा कोड जातच नाही, त्यामुळे सी३२७० मध्ये कितीही डोकं आपटलंत तरी उपयोग नाही. टर्मिनल बिघडलेला नाही, तो असाच आहे.

पण उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर वरच्या ओळीत बघा. चार बटणांवर चक्क पीएफ१, पीएफ२, पीएफ३, पीएफ४ असं छापलेलं आहे. डेकने ते आपल्या कारणासाठी छापलं, आयबीएमशी त्याचा संबंध नाही, पण लिनक्सच्या व्हीटी२२० च्या टर्मइन्फोमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या नोंदवहीत, हीच चार बटणं एफ१ ते एफ४ म्हणून नोंदलेली आहेत. म्हणजे बाहेर पडायचं पीएफ३ तुम्हाला आयतं मिळालं, तेही नावासकट. एफ६ ते एफ१२ सरळ पीएफ६ ते पीएफ१२ होतात. उरलं फक्त पीएफ५. ते कुठेच नाही.

मी ते नेहमी बाणांच्या वरच्या सहा बटणांपैकी 'फाइंड' वर ठेवतो, कारण आयएसपीएफसारख्या मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये पीएफ५ म्हणजे "पुढचं शोध". 'प्रीव्ह स्क्रीन' वर पीएफ७ आणि 'नेक्स्ट स्क्रीन' वर पीएफ८ ठेवा, म्हणजे पान वर, पान खाली. एकदा असं केलंत की परत एफ७ कडे हात जाणार नाही. 'इन्सर्ट हिअर' वर इन्सर्ट, 'रिमूव्ह' वर अक्षर खोडणं, 'सिलेक्ट' वर इरेज-ईओएफ. मघाशी राहिलेलं क्लिअर 'डू' वर टाका. ते बटण मोठं आहे, आणि तसं चुकून दाबलं जात नाही. 'हेल्प' वर पीए१, अडकलेली कमांड तोडायला. रीसेट कंट्रोल-आर वर आहे तिथेच राहू द्या. हे सगळं सी३२७० च्या कीमॅपमध्ये, म्हणजे बटणांच्या यादीत, एकेका ओळीत लिहिता येतं. बटणाचं नाव, कोलन, कृती.

एफ५ बद्दल एक सावधगिरी. ते ब्रेक सिग्नल पाठवतं, आणि गेट्टी (लॉगिन मागणारा प्रोग्रॅम) लावलेल्या सिरियल लाइनवर ब्रेकमुळे भलतंच काहीतरी घडू शकतं. बोटं पीएफ५ च्या सवयीने तिकडे जाणारच. तेव्हा सेट-अपमध्ये कीबोर्डच्या पानावर ब्रेक बंद करून टाका.

एस्केपचं बटणही या कीबोर्डवर नाही, हे लक्षात आलंच असेल. व्हीटी१०० मोडमध्ये एफ११ एस्केप पाठवतं, व्हीटी२०० मोडमध्ये नाही. जुन्या कन्व्हर्टरवर एस्केप मग १ दाबलं की पीएफ१ अशी पद्धत होती. या कीबोर्डवर ती कटकटीची. त्या वाटेला जाऊ नका.

आणि एंटर. यावर मी एक वेगळं प्रकरण लिहू शकेन. ३२७८ च्या कीबोर्डवर आपण ज्याला एंटर म्हणतो त्या जागी न्यूलाइनचं बटण असतं, कर्सर पुढच्या ओळीतल्या पहिल्या रकान्यात नेणारं. खरं एंटर, फॉर्म पाठवणारं, खाली उजव्या कोपऱ्यात. सी३२७० आणि बहुतेक सगळे इम्युलेटर रिटर्नला एंटर करून टाकतात, न्यूलाइन जातं कंट्रोल-जे वर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका ऑफिसात आम्ही डेकचे टर्मिनल असेच कन्व्हर्टरवर लावले. डेटा एन्ट्रीला एक बाई होत्या, आधीच्या नोकरीत खऱ्या ३२७८ वर बरीच वर्षं काढलेल्या. स्क्रीनकडे न बघता, कागदावर नजर ठेवून भरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने ओळ संपली की रिटर्न मारलं, आणि दर वेळी अर्धवट फॉर्म मेनफ्रेमकडे गेला. दुपारी मला बोलावून म्हणाल्या, "अहो, हे घाई फार करतंय. माझं भरून व्हायच्या आत घेऊन जातंय." इतकं अचूक निदान मी मॅन्युअलमध्येही वाचलं नव्हतं. आम्ही रिटर्नवर न्यूलाइन टाकलं, एंटर दुसऱ्या बटणावर नेलं, आणि मग ऑफिसातले बाकी सगळे बोंबलायला लागले. शेवटी त्यांच्या एका टर्मिनलचा कीमॅप वेगळा ठेवला. तुम्ही एकटेच वापरणार आहात, तेव्हा रिटर्न म्हणजे एंटरच राहू द्या आणि रकान्या-रकान्यांतून टॅबने फिरा.

तिसरी तक्रार गोठण्याची. याची दोन कारणं आहेत आणि ती ओळखणं सोपं आहे.

आधी कीबोर्डवरचे दिवे बघा. होल्ड स्क्रीनचा दिवा लागला असेल तर तुमचं बोट एफ१ ला लागलंय, एवढंच. परत दाबा. पीएफ१ समजून एफ१ दाबणं हे पहिल्या आठवड्यात दहा वेळा होतं.

दिवा नसेल तर कीबोर्ड ३२७० च्या अर्थाने लॉक झालाय. खऱ्या ३२७८ ला २४ ओळींखाली आणखी एक ओळ होती, यंत्राने स्वतः माणसाशी बोलायची. मेनफ्रेम विचार करत असेल तर तिथे फुली आणि घड्याळ. बंदी असलेल्या जागी टाइप केलंत तर फुली आणि एक चिमुकला माणूस, दोन्ही बाजूंना बाण: "दुसरीकडे जा". आकड्यांच्या रकान्यात अक्षर मारलं तर तसं सांगणारी खूण. व्हीटी२२० ला २४ च ओळी, त्या सगळ्या फॉर्मने खाल्ल्या, सी३२७० ला ही ओळ दाखवायला जागाच उरली नाही. लॅपटॉपवर खिडकी मोठी असते म्हणून तिथे ती दिसते आणि तुम्हाला "नीट चाललंय" असं वाटतं. लॉक दोन्हीकडे तितकाच होत असतो.

म्हणून सवय लावून घ्या: काही उमटेनासं झालं की कंट्रोल-आर, मग टॅब. रीसेटने लॉक सुटतो, टॅबने कर्सर लिहिता येण्याजोग्या रकान्यात जातो. सुटला नाही तर मेनफ्रेम खरंच काम करतोय, चहा घ्या. एक लॉक मात्र नव्या माणसाला हमखास चकवतो. इन्सर्ट चालू आहे, रकान्यात जागा रिकामी दिसतेय, तरी अक्षर घुसत नाही. कारण ती जागा रिकामी नाही, तिथे स्पेस भरलेले आहेत. ३२७० मध्ये इन्सर्टला शेवटी नल, म्हणजे खरोखर रिकाम्या जागा, लागतात. स्पेस म्हणजे त्याच्या लेखी अक्षरच. सी३२७० मध्ये ब्लँकफिल नावाचा टॉगल आहे. तो चालू केलात की शेवटचे स्पेससुद्धा सरकवले जातात.

रंगांचं फार वाईट वाटून घेऊ नका. लॅपटॉपवर दिसणारे हिरवा, लाल, निळा, पांढरा हे बहुधा त्याच अ‍ॅट्रिब्यूट बाइटवरून काढलेले असतात: लिहिता येणारं साधं हिरवं, ठळक असेल तर लाल, बंदीचं साधं निळं, ठळक पांढरं. व्हीटी२२० वर मोनो पर्याय द्या. ठळक तेवढं ठळक दिसेल.

अक्षरांबद्दल दोन गोष्टी. पायवर लोकेल (भाषा आणि अक्षर-संकेताची निवड) यूटीएफ-८ असेल तर सी३२७० अ‍ॅस्कीबाहेरच्या चिन्हाला एकाहून जास्त बाइट पाठवेल आणि व्हीटी२२० त्यांचं काहीतरी भलतंच काढेल. त्या लॉगिनपुरतं लोकेल सी ठेवा. दुसरी गोष्ट पीएल/१ या भाषेत प्रोग्रॅम लिहिणार असाल तर. तिथलं "नाही" चं चिन्ह, खाली वळलेली आडवी रेघ, एब्सिडिकमध्ये ५एफ आहे. ते अ‍ॅस्कीत नाही, व्हीटी२२० च्या अक्षरांत नाही आणि कीबोर्डवरही नाही. त्याऐवजी टोपीचं चिन्ह मारलंत तर कोडपेज ०३७ (एब्सिडिकचा एक तक्ता) नुसार बी० जाईल आणि एमव्हीएसचा जुना कंपायलर ते परत करेल. कीमॅपमध्ये एका बटणावर नॉटसाइन बांधून ठेवा. स्क्रीनवर ते धड दिसणार नाही, पण जाईल बरोबर. चौकटी कंसांचीही हीच रड असते, पण सी३२७० चं मूळ कोडपेजच त्यांच्यासाठी दुरुस्त केलेलं आहे, 'ब्रॅकेट' नावाचं. ते बदलू नका.

राहिला वेग. व्हीटी२२० जास्तीत जास्त १९२०० बॉड घेतो. आठ बिट, पॅरिटी नाही, स्टार्ट-स्टॉप धरून अक्षरामागे दहा बिट, म्हणजे सेकंदाला १९२० अक्षरं. आणि स्क्रीनही १९२० चीच. पूर्ण फॉर्म यायला एक सेकंद. खरा ३२७८ कोअ‍ॅक्सवर सेकंदाला २३ लाखांहून जास्त बिटांनी बोलायचा, तिथे फॉर्म खटकन आदळायचा. तुमच्याकडे तो वरून खाली उतरताना दिसेल. ९६०० वर ठेवलात तर दोन सेकंद. पण सी३२७० बदललेलंच पाठवतो, त्यामुळे रोजच्या वापरात हे जाणवत नाही.

केबल तुम्ही लावलेली आहे आणि चालतेय, पण कधी नवी करावी लागली तर लक्षात ठेवा: २५ पिनांच्या बाजूला २ वर टर्मिनल बोलतो, ९ पिनांच्या बाजूला २ वर पाय ऐकतो. म्हणून २ ला २, ३ ला ३, आणि ७ ला ५. "नल मोडेम म्हणजे २-३ उलट" हे पाठ असलेले लोक इथे हटकून चुकतात. सेट-अपमध्ये 'डेटा लीड्स ओन्ली' ठेवा, तीन तारा पुरतात. आणि कंट्रोल ७ बिटांचे.

शेवटचं काम कात्री आणि कागदाचं. या कीबोर्डवर एफ-बटणांच्या वर नावांची पट्टी ठेवायला जागा आहे. तिथे तुमचा कीमॅप लिहून सरकवा, आणि एफ१ च्या वर लाल पेनाने फुली मारा.